प्रयोगाची आखणी आणि संशोधनाची नीती: पहिली कुंडी भरण्याआधी काय ठरवायचं

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात, बालविज्ञान परिषदेत, कधी कधी महाविद्यालयाच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेतही एक प्रकल्प हमखास दिसतो. दोन कुंड्या. एकीला शेण-गोमूत्र आंबवून केलेलं जीवामृत घातलेलं, दुसरीला नुसतं पाणी. जीवामृताची कुंडी टवटवीत, आणि मागच्या तक्त्यावर निष्कर्ष: ‘जीवामृतामुळे वाढ चांगली होते’. मुलं महिनाभर मनापासून राबलेली असतात, तरी त्या दोन कुंड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. एखादी कुंडी भिंतीच्या सावलीत असेल, एखादीतली माती जास्त भुसभुशीत असेल, किंवा दोन रोपांत जन्मतःच जो फरक असतो तेवढाच तो फरक असेल. मेहनत भरपूर झालेली असते, पण आखणी झालेलीच नसते.

या लेखात तोच प्रयोग घेऊन आखणी पायरीपायरीनं करून दाखवतो आणि मग माणसांवरच्या प्रयोगांकडे येतो. संशोधनाची नीतिमत्ता हे प्रकरण पुस्तकात शेवटी परिशिष्टासारखं येतं. मला ती विभागणी पटत नाही. ज्या प्रयोगातून उत्तर मिळणं शक्यच नाही, त्यासाठी कुणाचा वेळ, रक्ताचा नमुना किंवा विश्वास मागणं ही पहिली अनीती. उलट, आखणी नीट केली की नीतीचे निम्मे पेच तिथेच सुटतात. पुढे नववीच्या वर्गातल्या प्रयोगात ते दिसेल.

प्रश्न असा विचारा की उत्तर ‘नाही’ येऊ शकेल

‘जीवामृत चांगलं आहे का?’ या प्रश्नावर वाद घालता येतो, प्रयोग करता येत नाही. हा प्रश्न करून पाहता येतो: ‘दर आठवड्याला पाण्यात १० टक्के मिसळलेलं जीवामृत दिलेल्या मेथीचं तिसाव्या दिवशीचं ताजं वजन, नुसतं पाणी दिलेल्या मेथीपेक्षा जास्त भरतं का?’ काय द्यायचं, किती द्यायचं, तुलना कशाशी, काय मोजायचं आणि कधी मोजायचं, या पाचही गोष्टी एका वाक्यात आल्या. मेथी निवडली कारण बी स्वस्त असतं, चार-पाच दिवसांत उगवतं आणि महिन्याभरात कापणीला येतं.

यात मोजमाप एकच आहे, हे मुद्दाम. विद्यार्थ्यांना सगळंच मोजायची हौस असते: उंची, पानांची संख्या, पानांचा रंग, मुळांची लांबी. जरूर मोजा, पण मुख्य निकाल कोणत्या मापावर लागणार ते आधी लिहून ठेवा. जीवामृताचा काहीही परिणाम नसला, तरी एकमेकांशी संबंध नसलेली २० मापं घेतली तर त्यांपैकी किमान एकात ५ टक्क्यांच्या पातळीवर ‘लक्षणीय’ (म्हणजे परिणाम नसताना शंभरात पाचच वेळा दिसेल इतका मोठा) फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. मग तेच एक माप तक्त्यावर येतं आणि बाकीची १९ वहीत राहतात. असं करणाऱ्याला आपण फसवणूक करतोय असं वाटतही नाही, म्हणून ही सवय जास्त घातक.

प्रश्नाखाली आणखी एक ओळ लिहा: कोणता निकाल आला तर ‘परिणाम दिसला नाही’ असं मी मान्य करीन? ती ओळ सुचत नसेल तर प्रश्न अजून तयार झालेला नाही.

तुलना कशाशी?

तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला नियंत्रण गट म्हणतात. त्याच्याशी सगळं तसंच वागायचं, फक्त ज्याची परीक्षा घ्यायची ती एक गोष्ट वगळायची. ऐकायला सोपं आहे, पण ‘ती एक गोष्ट’ म्हणजे नेमकी कोणती, इथेच खरं डोकं लावावं लागतं.

जीवामृतात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती असते. सांगितलं असं जातं की त्यातले जिवाणू काम करतात. पण शेण-गोमूत्रातून थोडं नत्र आणि इतर अन्नद्रव्यंही मिळतातच. जीवामृत आणि पाणी यांचीच तुलना केली आणि फरक आला, तर तो जिवाणूंचा की नत्राचा हे कधीच कळणार नाही. म्हणून तिसरा गट घ्या: तेच जीवामृत प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास निर्जंतुक करून थंड केलेलं. नुसतं उकळून भागत नाही. काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात, कुकरच्या दाबाखाली तापमान १२० अंशांच्या आसपास जातं तेव्हा ते मरतात. (या कामाचा कुकर वेगळा ठेवा, तो परत स्वयंपाकात नको.) तापवताना थोडा अमोनिया उडून जातो, त्यामुळे ही तुलनासुद्धा अगदी निखळ नाही. ती त्रुटी अहवालात लिहायची. तुलना जितकी नेमकी, तितकं उत्तर कामाचं.

प्रत्येक गटाला सारखंच पाणी मिळायला हवं. ज्या दिवशी जीवामृताच्या कुंडीत २०० मिलिलिटर द्रावण जाईल, त्या दिवशी पाण्याच्या कुंडीतही २०० मिलिलिटर पाणी गेलं पाहिजे. हे बारीक वाटतं, पण उन्हाळ्यात एका जास्तीच्या तांब्यानं मेथीचं वजन बदलतं.

नियंत्रण गटानं निष्कर्षाला किती बळ येतं याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोली जिल्ह्यात नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो अभ्यास केला, त्यात ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया बाळांची काळजी घेत होत्या आणि ४७ गावं तुलनेसाठी होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार काळजी मिळालेल्या गावांतला नवजात मृत्युदर हजार जन्मांमागे ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. नुसता हा आकडा दिला असता तर कुणीही म्हणालं असतं, रस्ते झाले, दवाखाने सुधारले, काळ बदलला म्हणून मृत्यू घटले. पण त्याच वर्षी तुलनेच्या गावांत तो दर ५९.६ होता. काळ दोन्हीकडे सारखाच गेला होता. ही गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा. म्हणूनच दोन्ही भागांतली सुरुवातीची परिस्थिती आधी मोजून ठेवणं तिथे महत्त्वाचं ठरलं. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात घरच्या घरी नवजात बाळाची काळजी आली.

कुंड्या किती, आणि ‘एक’ कशाला म्हणायचं?

एका कुंडीत १० रोपं असतील आणि अशा तीन कुंड्या असतील, तर आपल्याकडे ३० नमुने आहेत का? नाहीत. तीनच आहेत. द्रावण कुंडीला दिलंय, रोपाला वेगळं दिलेलं नाही. एका कुंडीतली दहाही रोपं एकच माती, एकच ऊन, एकच पाणी वाटून घेतात. ज्या एककाला द्रावण दिलं, त्याचीच संख्या नमुना म्हणून धरायची. हाच गोंधळ मोठ्या प्रमाणावरही होतो: एका तुकडीला नवी पद्धत, दुसरीला जुनी, आणि मुलं १२० असल्यामुळे ‘नमुना १२०’. प्रत्यक्षात त्या दोन तुकड्या आहेत, दोन शिक्षक आहेत, आणि फरक शिक्षकाचा असू शकतो.

मग कुंड्या किती? आधी सहा-सात कुंड्यांत एकसारखी मेथी लावून पाहा आणि कापणीच्या वजनात आपोआप किती चढउतार येतो (संख्याशास्त्रात याला प्रमाण विचलन म्हणतात) ते बघा. समजा तो सरासरीच्या २० टक्के आला. आता ठरवा की किमान किती फरक पकडायचा आहे. समजा ३० टक्के. एक ढोबळ सूत्र आहे: चढउताराला फरकानं भागा, त्याचा वर्ग करा आणि १६ नं गुणा. २० भागिले ३०, त्याचा वर्ग ०.४४, गुणिले १६ म्हणजे ७.१. प्रत्येक गटात ८ कुंड्या लागतील. खरोखर ३० टक्के फरक असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता मग सुमारे ८० टक्के राहते. फरक २० टक्केच असेल तर १६ कुंड्या लागतील, १० टक्के असेल तर ६४. हे गणित एकदा हातानं केलं की दोन कुंड्यांच्या तक्त्याकडे पाहण्याची नजर बदलते.

आपण तीन गट आणि ८ कुंड्या घेऊ. एकूण २४. मुख्य तुलना जीवामृत आणि पाणी यांची, तिसऱ्या गटाची तुलना दुय्यम, हेही वहीत आधीच लिहून टाका.

फासा टाका

कुंड्या गच्चीवर ठेवायच्या आहेत. भिंतीजवळ सावली जास्त, कठड्याजवळ वारा जास्त. भिंतीला समांतर आठ ओळी करा, प्रत्येक ओळीत तीन कुंड्या, आणि प्रत्येक ओळीत तिन्ही गटांची एकेक कुंडी. म्हणजे सावलीचा तोटा झाला तर तो तिघींना सारखा होईल. शेतीतल्या प्रयोगांत अशा ओळींना खंड म्हणतात. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत बसवली, कारण एकाच शेताच्या दोन टोकांना जमिनीचा कस सारखा नसतो हे त्यांना रोज दिसत होतं.

ओळीच्या आत कुणी कुठे बसायचं हे मात्र तुम्ही ठरवायचं नाही. पाण्याला क, जीवामृताला ख, निर्जंतुक जीवामृताला ग म्हणा. या तीन अक्षरांचे सहाच क्रम होतात, आणि लुडोच्या फाशालाही सहाच बाजू असतात. १ पडला तर क-ख-ग, २ ला क-ग-ख, ३ ला ख-क-ग, ४ ला ख-ग-क, ५ ला ग-क-ख, ६ ला ग-ख-क. आठ ओळींसाठी आठ वेळा फासा टाका आणि जे येईल ते लिहा. ‘ख सारखा डावीकडेच येतोय, पुन्हा टाकू’ असं करायचं नाही. मांडणी माणसाच्या डोळ्याला नीट दिसावी हा यामागचा हेतूच नाही. तुमची आवडनिवड, जी तुम्हालाही ठाऊक नसते, तिला वाव मिळू नये म्हणून फासा.

सगळ्या कुंड्यांची माती एकाच ढिगात कालवा आणि वजन करून भरा. प्रत्येकीत १५ बिया टाका, आठव्या दिवशी विरळणी करून १० रोपं ठेवा. विरळताना ‘मरतुकडी काढू’ म्हणालात की निवड सुरू झाली. पुठ्ठ्याला १० भोकं पाडा, तो कुंडीवर ठेवा आणि प्रत्येक भोकाच्या सर्वांत जवळचं रोप राखा.

मोजणाऱ्याला कळू देऊ नका

ज्याला निकाल काय यावा असं वाटतं, त्याचा हात तराजूवर किंचित वेगळा पडतो. यात लबाडी नसते. शंकास्पद पान धरायचं की सोडायचं, माती किती झटकायची, असे छोटे निर्णय मनासारखे होत जातात. म्हणून कुंड्यांवर फक्त १ ते २४ क्रमांक लिहा. कोणता क्रमांक कोणत्या गटाचा याची किल्ली पाकिटात बंद करून प्रयोगात नसलेल्या व्यक्तीकडे द्या. पाणी घालणाऱ्याला जीवामृताचा वास येणारच, त्याला इलाज नाही. पण वजन करणारा विद्यार्थी वेगळा ठेवता येतो आणि त्याला गट कळायचं कारण नाही.

यासाठी पुण्यातला एक प्रयोग मी मुलांना आवर्जून सांगतो. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी मिळून २००८ च्या सुमारास फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून २०० कुंडल्या तयार केल्या. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि एकच विचारलं: कोणती कुंडली हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची? कोणती कुंडली कोणाची याची नोंद पुणे विद्यापीठात कुंटे यांच्याकडे सुरक्षित होती, त्यामुळे कुणाला नकळत सूचना देण्याचीही सोय नव्हती. २७ जणांनी उत्तरं पाठवली. त्यांची सरासरी निम्म्याहूनही थोडी कमी आली. नाणं उडवलं असतं तरी ४० पैकी २० बरोबर आली असती.

सर्वाधिक बरोबर उत्तरं २४ होती. ‘बघा, एकाला तरी जमलं की!’ असं वर्गात कुणीतरी म्हणतंच. मग फळ्यावर गणित मांडायचं. नुसतं नाणं उडवून ४० पैकी २४ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे १३ टक्के. २७ जणांनी नाणं उडवलं तर त्यांतल्या किमान एकाला तरी २४ गाठता येण्याची शक्यता सुमारे ९८ टक्के. म्हणजे असा एक जण निघाला नसता तरच नवल. ४० पैकी २८ बरोबर येणं योगायोगानं शंभरात एकदाही घडत नाही, तिथे थांबून विचार करावा लागला असता. यश कशाला म्हणायचं हे उत्तरपत्रिका उघडण्याआधी का ठरवायचं, ते इतक्या स्वच्छपणे सांगणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

वही

पानांना क्रमांक असलेली, शिवलेली वही घ्या. पेनानं लिहा. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी तारीख आणि सही. खाडाखोड दिसते म्हणून नवी ‘फेअर’ वही करून कच्ची फेकून देण्याची जी शिस्त आपल्याकडे शिकवली जाते, ती संशोधनात उलटी आहे. कच्ची नोंद हाच पुरावा. स्मरणातून संध्याकाळी भरलेला तक्ता नोंद म्हणून चालत नाही.

कोणती कुंडी बाद धरायची याचे नियम पहिल्या पानावर हवेत: उंदरानं कुरतडली, कुंडी फुटली, दहापेक्षा कमी बिया उगवल्या. कापणीनंतर ‘ही कुंडी जरा विचित्रच आहे’ म्हणून तिला वगळणं म्हणजे निकाल हातानं लिहिणं. वगळलेली प्रत्येक कुंडी कारणासह अहवालात दिसली पाहिजे. न केलेलं मोजमाप लिहिणं, केलेलं बदलणं आणि दुसऱ्याचं आपलं म्हणून देणं, संशोधनातले हे तीन मोठे अपराध. आणि त्यांची सुरुवात बहुधा अशा एका ‘विचित्र’ कुंडीपासून होते. मार्गदर्शक शिक्षकांना हात जोडून सांगावंसं वाटतं: ‘अपेक्षित निकाल आला नाही’ म्हणून मुलाचे गुण कापू नका. गुण आखणीला आणि नोंदींना द्या. नाहीतर खोटं लिहायला आपणच शिकवतो.

कापणी ओळीनुसार करा. एका ओळीतल्या तिन्ही कुंड्या संपवून मगच पुढची ओळ, कारण सकाळी आठ ते अकरा या वेळात पानांतलं पाणी बरंच उडतं. मातीलगत कापा, कापल्याबरोबर वजन करा, तराजू किमान ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा.

आकडे हातात आल्यावर

पहिलं काम: २४ च्या २४ वजनं आलेखावर ठिपक्यांनी मांडा. नुसत्या सरासरीचे तीन उभे स्तंभ बरंच काही लपवतात.

दुसरं काम शाळेतली मुलंही करू शकतात. पाकीट उघडा. प्रत्येक ओळीत जीवामृताच्या वजनातून पाण्याचं वजन वजा करा. आठ वजाबाक्या मिळतील, त्यांतल्या किती अधिक आल्या ते मोजा. काहीच परिणाम नसेल तर अधिक की उणे हे नाणेफेकीसारखं असतं. आठही अधिक येण्याची शक्यता २५६ मध्ये १. सात किंवा आठ अधिक येण्याची २५६ मध्ये ९, म्हणजे साडेतीन टक्के. सहा किंवा जास्त म्हणाल तर साडेचौदा टक्के, आणि तेवढ्यावर काही ठामपणे बोलू नये. फरक दोन्हीपैकी कोणत्याही दिशेनं चालणार असेल तर हे आकडे दुप्पट धरायचे. मुलांना आठ नाणी पुन्हा पुन्हा उडवायला लावा, त्यांना हे पाठ करावं लागत नाही. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी जोडीची टी-चाचणी (जोड्यांमधल्या फरकांची सरासरी शून्याहून वेगळी आहे का ते तपासणारी) वापरावी, ती वजनांमधली जास्त माहिती वापरते. आणि फरक आहे की नाही एवढंच न सांगता किती ग्रॅमचा आहे आणि तो किती इकडेतिकडे होऊ शकतो हेही सांगा. शेतकऱ्याला त्याचीच गरज असते.

माणसं आली की

मेथीला विचारावं लागत नाही. माणसाला विचारावं लागतं, आणि ज्याला नीट ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या बाबतीत सर्वांत जास्त.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे १९३२ पासून उपदंश झालेल्या ३९९ गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी आरोग्य सेवेनं केवळ निरीक्षणाखाली ठेवलं. त्यांना आजाराचं नाव सांगितलं नाही, ‘रक्त खराब आहे’ म्हणाले. मणक्यातून पाणी काढण्याची वेदनादायक तपासणी त्यांच्यापुढे मोफत खास उपचार म्हणून मांडली. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा प्रस्थापित उपचार झाला, तरी तो त्यांना दिला नाही. त्याच वर्षी नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून माणसांवरच्या प्रयोगांचे नियम सांगणारी न्यूरेंबर्ग संहिता आली होती, आणि तिची पहिलीच अट ऐच्छिक संमतीची होती. टस्कीगीचा अभ्यास मात्र १९७२ मध्ये वृत्तपत्रांत बातमी येईपर्यंत चालूच राहिला.

हे दूरचं वाटत असेल तर जवळचं पाहा. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम (आता तेलंगणात) आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत दिसला नाही. पण आंध्रातल्या वसतिगृहात राहणाऱ्या, त्यातही आदिवासी, मुलींच्या अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या आढळल्या, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली असणं आणि ती देण्याची पद्धत योग्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी बिघडली की लोकांचा पहिलीवरचा विश्वासही जातो.

आता आपल्या आवाक्यातलं उदाहरण. नववीच्या वर्गात पाहायचंय: धडा पुन्हा पुन्हा वाचणं चांगलं, की एकदा वाचून पुस्तक मिटून आठवून लिहिणं? सरळ आखणी अशी सुचते: अर्ध्या मुलांना एक पद्धत, अर्ध्यांना दुसरी. लगेच पालक विचारतील, माझ्या मुलाला कमी प्रतीची पद्धत का? प्रश्न रास्त आहे. उत्तर आखणीत आहे. दोन सारख्या कठीणपणाचे उतारे घ्या. निम्मी मुलं पहिला उतारा वाचत राहून आणि दुसरा आठवून शिकतील, उरलेली निम्मी उलट. कोण कोणत्या गटात ते चिठ्ठ्यांनी ठरवा. आठवड्यानं दोन्ही उताऱ्यांवर चाचणी घ्या, आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला गट कळू देऊ नका. प्रत्येक मुलाला दोन्ही पद्धती मिळाल्या, कुणी वंचित राहिलं नाही, आणि प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच झाल्यामुळे कमी मुलांत जास्त नेमकं उत्तर मिळालं.

आता संमती. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती लागते आणि शिवाय मुलाचीही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात वर्षांपासून तोंडी आणि १२ ते १८ वयात लेखी होकार अपेक्षित आहे. पत्रातला मजकूर आईला वाचून लगेच कळेल असा हवा. मी साधारण असं लिहून देतो:

‘आम्ही अभ्यासाच्या दोन पद्धतींची तुलना करत आहोत. तुमच्या मुलाला/मुलीला दोन दिवस प्रत्येकी ३० मिनिटं आणि एका आठवड्यानं एक चाचणी द्यावी लागेल. या चाचणीचे गुण शाळेच्या निकालात धरले जाणार नाहीत. कागदांवर नावाऐवजी क्रमांक असेल. भाग न घेतल्यास कोणतंही नुकसान होणार नाही, आणि मध्येच कारण न सांगता थांबता येईल. या अभ्यासातून तुमच्या मुलाला थेट फायदा होईलच असं नाही. शंका असल्यास या व्यक्तीला विचारा.’

फायद्याबद्दलचं वाक्य पुष्कळ जण गाळतात. गाळू नका.

खरी अडचण पुढे आहे. विचारणारे वर्गशिक्षकच असतील तर कोणतं मूल नाही म्हणेल? आपल्याकडे बाईंना, सरांना, डॉक्टरांना, सरपंचांना नाही म्हणणं उद्धटपणा समजला जातो. म्हणून विचारण्याचं काम त्या मुलांना न शिकवणाऱ्या व्यक्तीकडे द्या. सगळ्यांना सारखी पाकिटं द्या आणि होकार असो वा नकार, पाकीट बंद करून पेटीत टाकायला सांगा. त्या वेळी भाग न घेणाऱ्या मुलांसाठी त्याच वर्गात काहीतरी चांगलं काम ठेवा, त्यांना बाहेर बसवू नका. गावात अभ्यास असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी आधी घ्या, पण ती घराघरातल्या संमतीची जागा घेत नाही. वाचता न येणाऱ्यांना पत्र मोठ्यानं वाचून दाखवा, संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार ठेवा आणि मग अंगठा घ्या.

नियंत्रण गट ठेवणं केव्हा योग्य? दोन पर्यायांतला कोणता सरस हे खरोखर माहीत नसेल तेव्हा. एखाद्या आजारावर सिद्ध उपचार असेल तर नव्याची तुलना त्याच्याशी करायची, ‘काहीच न देण्या’शी नाही. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं मांडणाऱ्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून ही चर्चा चालू आहे.

मोजमापातून जे सापडेल त्याची जबाबदारी तुमच्यावर येते. मुलींचं हिमोग्लोबिन तपासताना एखादीचं ८ च्या खाली निघालं, तर ‘आमचा अभ्यास फक्त सर्वेक्षणाचा होता’ म्हणून सुटता येत नाही. पालकांना कोण सांगणार आणि कोणत्या आरोग्य केंद्रात पाठवणार, हे पहिला नमुना घेण्याआधी लिहून हवं. रक्त काढायचं काम प्रशिक्षित माणसाचंच, आणि असा अभ्यास नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय करायचाच नाही.

नैतिकता समिती म्हणजे ७ ते १५ जणांचा गट. अध्यक्ष संस्थेबाहेरचा, आणि सदस्यांत डॉक्टर-शास्त्रज्ञांबरोबर कायदा जाणणारी, समाजशास्त्रातली आणि सामान्य नागरिक म्हणून एक व्यक्ती. मंजुरी काम सुरू करण्याआधी मिळवायची, मागाहून मिळत नाही. शाळेकडे अशी समिती नसते, म्हणून मुलांच्या प्रकल्पांसाठी जवळच्या महाविद्यालयाची मदत घ्या किंवा विषयच असा निवडा की कुणाला इजा किंवा लाज वाटायचा संभव नाही. औषधांच्या चाचण्यांचे नियम याहून कडक आहेत: २००९ पासून त्यांची राष्ट्रीय नोंदवहीत आगाऊ नोंदणी बंधनकारक आहे, त्यामुळे निकाल पाहून प्रश्न बदलला तर तो जगाला दिसतो. हे तत्त्व आपल्यालाही पाळता येतं. प्रश्न, मुख्य माप, कुंड्यांची संख्या आणि बाद करण्याचे नियम एका पानावर लिहा, त्या पानाचा फोटो काढून मार्गदर्शकांना त्याच दिवशी पाठवा. तारीख आपोआप नोंदली जाते.

प्राण्यांवरच्या कामासाठी वेगळा कायदा आणि वेगळी समिती आहे. शाळेत तो विषय टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. आजीबाईंकडून किंवा वैदूंकडून औषधी वनस्पतींची माहिती घेणार असाल, तर ती कुणाची आहे हे त्यांच्या परवानगीनं नोंदवा, आणि ती छापली जावी का हेही त्यांनाच विचारा.

नावांची यादी आणि क्रमांकांची यादी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एखाद्या पालकानं मागाहून माहिती काढून घ्यायला सांगितलं तर कोणत्या तारखेपर्यंत ते शक्य आहे, हेही संमतीपत्रात लिहा, कारण नावं-क्रमांक जोडणारा कागद नष्ट केल्यावर कुणाची माहिती कोणती हे तुम्हालाही सांगता येणार नाही. अहवालातला फोटो, गावाचं नाव आणि ‘वर्गातली एकमेव अपंग मुलगी’ असा उल्लेख एकत्र आला तर नाव न लिहूनही ओळख पटते. छापण्यापूर्वी गावातल्या एखाद्या माणसाच्या नजरेनं मजकूर वाचा.

शेवटची पायरी बहुतेक अहवालांत नसतेच. निकाल ज्यांनी मदत केली त्यांना सांगायचा. नववीच्या मुलांना आलेख दाखवा, पालकांना अर्ध्या पानाचं पत्र द्या, जीवामृताच्या प्रयोगासाठी शेण-गोमूत्र देणाऱ्या शेतकऱ्याला २४ वजनांचा ठिपक्यांचा तक्ता नेऊन द्या. फरक आला नसेल तरीही द्या. तो कदाचित विचारेल, माझ्या शेतातल्या काळ्या मातीत करून पाहिलं का? मग वहीचं नवं पान उघडून पुढचा प्रश्न त्याच्याबरोबर बसून लिहा.